उखर्डूनानांची हत्यारं

माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात पंगत बसली होती. पानात वरण-बट्टी पडली होती आणि वाढपी वांग्याची भाजी घेऊन रांगेतून पुढे सरकत होता. उखर्डूनानांच्या पानापुढे तो वाकला, तसं नानांनी त्याच्या हातातलं ओगराळंच काढून घेतलं. भाजी बादलीत झटकली. दांडा वाकवून पाहिला, सोडून पाहिला. तो टणकन पुन्हा सरळ झाला. मग नखाने टिचकी मारून त्यांनी तो कानाशी धरला, आवाज ऐकला आणि मान डोलावली.

"हाई कामनं शे," नाना म्हणाले. म्हणजे, हे कामाचं आहे.

वाढपी रिकामा हात पुढे करून तसाच उभा. पंगतीत चाळीस माणसं भाजीची वाट बघत बसलेली. मी नानांच्या शेजारच्या पानावर होतो. आपल्या दुकानाचा शेजारी असा वागतो म्हणून मला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की त्या दांड्याला स्प्रिंग आहे हे मला का दिसलं नाही?

पुढच्या आठवड्यात तेच ओगराळं नानांच्या दुकानात होतं. वाटीचा भाग कापून टाकला होता, दांड्याच्या टोकाला खाच पाडली होती आणि नाना त्याने एका इंजिनाच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबत होते. ते ओगराळं माझ्या काकांनी, म्हणजे वधूपित्याने, स्वतः आणून दिलं होतं. सख्खे काका. मला त्यांनी आजवर साधा चमचा दिलेला नाही.

माझं दुकान जळगावात मेहरूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रं, लहान जनरेटर, पाणी ओढायची छोटी इंजिनं अशी कामं मी करतो. मी आयटीआय केलेला माणूस आहे. पुण्याला दोन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलं, त्याचं प्रमाणपत्र काचेच्या फ्रेममध्ये भिंतीवर आहे. दुसऱ्या भिंतीवर पांढरा फळा आहे आणि त्यावर माझी हत्यारं आकारमानाने लावलेली आहेत. प्रत्येक हत्यारामागे त्याची काळी आकृती रंगवून खाली नाव लिहिलं आहे, म्हणजे एक पाना जरी जागेवर नसला तरी लगेच कळतं. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी त्या फळ्याकडे बघतं. निदान आठ वर्षांपूर्वीपर्यंत तरी बघायचं.

आठ वर्षांपूर्वी समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उखर्डूनाना आले. धुळ्याकडचे. साठीच्या अलीकडचे, उंच, किंचित पोक आलेले, पायजमा कायम एका पायावर दुमडलेला. नाव विचारलं तेव्हा स्वतःच हसत म्हणाले, "आईची दोन पोरं गेली होती. मी झालो तसं मला उकिरड्यावर ठेवलं आणि परत उचलून आणलं. म्हणून उखर्डू. तेव्हापासून उकिरडा आणि मी, आमचं जमतं."

आमच्याशी ते अर्धी मराठी आणि अर्धी अहिराणी बोलत. येताना हत्यारांची पेटी आणली नव्हती. एक गोणपाट होतं. त्यातून त्यांनी जे काय काढून खिळ्यांना टांगलं, ते पाहून मला हसू आवरेना. छत्रीच्या काड्या. जुन्या ब्रेकच्या केबलच्या तारा. दुधाच्या पावडरच्या डब्याचा कापलेला पत्रा. रिक्षाच्या दोन झिजलेल्या क्लच प्लेटा एका लोखंडी पट्टीला जोडलेल्या. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला म्हणालो, "समोर भंगारवाला आलाय." आणि निवांत जेवलो.

ते माझं शेवटचं निवांत जेवण.

नानांकडे विकत घेतलेलं एकही हत्यार नव्हतं, हातोडी सोडली तर. बाकी सगळं त्यांनी कशाचं ना कशाचं बनवलेलं. आणि प्रत्येक हत्याराला ते त्याच्या पूर्वजन्माच्या नावाने हाक मारत. छत्रीच्या काडीला आकडा करून ते खोल बसलेल्या स्प्रिंगा ओढून काढत, तिचं नाव छत्री. चमच्याचा दांडा कानशीने घासून प्लगमधलं अंतर मोजायची पट्टी केली होती, तिचं नाव चमचा. पिस्टनच्या रिंगा दाबून धरायचा पत्रा म्हणजे डबा. नवीन गिऱ्हाईक गोंधळून जाई. इंजिन उघडून ठेवलंय, उन्हं तापलीत, आणि हा माणूस म्हणतोय, "आता जरा छत्री लागेल." एक शेतकरी बिचारा खरंच बाहेर जाऊन आपली छत्री घेऊन आला होता.

फक्त एका हत्याराला वेगळं नाव होतं. ट्रकच्या चाकाच्या मोठ्या नटापासून बनवलेला पुलर होता, इंजिनावरचं घट्ट चाक ओढून काढायला. त्याला नाना सरपंच म्हणत. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "तो एकदा बसला का आपला उठत नही. दुसऱ्यालाच उठवस."

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. कुठेही हातोडीचा घाव घालायचा असला की आधी थांबायचे, मान वर करून भोवताली बघायचे आणि ओरडायचे, "डोया झाका रे बठ्ठा!" मग दुकानातल्या सगळ्यांनी डोळे झाकायचे. गिऱ्हाइकाने, चहावाल्याने, पत्ता विचारायला आलेल्या माणसानेसुद्धा. कोणी बोटांच्या फटीतून बघितलं तर हातोडी खाली ठेवून नाना त्याच्याकडे नुसते बघत राहायचे. मी माझ्या दुकानातून हा तमाशा बघायचो आणि मोठ्याने हसायचो. समोर सात माणसं डोळ्यांवर हात ठेवून उभी आहेत आणि मधोमध एक माणूस एवढ्याशा पिनेवर टक्‌ करून मारतोय. हसू येणारच.

पण हसता हसता मी ती सात माणसं मोजायचो. माझ्याकडे त्या वेळी एकच असायचं, किंवा तेही नसायचं.

पहिला मोठा घाव बसला तो एका फवारणी पंपाने. चोपड्याकडचा शेतकरी होता. पंपाच्या इंजिनावरचं चाक गंजून बसलं होतं. माझ्याकडचा कंपनीचा पुलर, पुण्याहून मागवलेला, चकचकीत, मी लावला. पुलरचेच आटे गेले. चाक जागचं हललं नाही. नट आधी सोडायला हवा होता, पण तो सोडायला जावं तर आतला पिस्टन खालीवर व्हायचा आणि अख्खा दांडाच नटाबरोबर फिरायचा. दीड तास मी घामाघूम. शेवटी मी सांगितलं की नवीन भाग मागवावा लागेल, आठ दिवस लागतील. शेतकरी म्हणाला, "कापसावर कीड पडली भाऊ, आठ दिवसांत ती सगळं खाऊन जाईल." आणि त्याने इंजिन उचलून रस्ता ओलांडला.

नानांनी प्लग काढला. त्या भोकातून सुती दोरीचा तुकडा आत सरकवला, हात दीड हात. पिस्टन वर आला, दोरीवर टेकला आणि थांबला. मग नट सोडला, सरपंच बसवला, "डोया झाका," टक्‌. चाक हातात. मी घड्याळ लावून बघत होतो. अकरा मिनिटं. त्यातली तीन तर शेतकऱ्याच्या गावाची चौकशी करण्यात गेली.

आणि हे सगळं बघायला तिथे कोण बसलं होतं? माझे वडील.

आबा शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्त झाल्यावर माझ्या दुकानात येऊन बसत, पेपर वाचत. माझ्या कामाबद्दल त्यांनी कधी वाईट म्हटलं नाही आणि चांगलंही म्हटलं नाही. तो फळा मी रंगवला तेव्हा त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "पक्कड शब्द चुकलाय. तू एकच क लिहिलायस." नाना आल्यावर महिन्याभरात आबा पेपर घेऊन समोर जायला लागले. नुसतं जाऊन बसणं नाही. घरी येऊन सांगणं. "आज उखर्डूने काय केलं माहितीये?" भाजी पानात पडली की सुरू. दुधाच्या डब्याचा पत्रा, त्याला आतून तेल, त्यात पिस्टन, वरून हळूच ढकलला की रिंगा आपोआप आत. आबांचे हात हवेत ते सगळं करून दाखवत. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, पण इतक्या आनंदाने मी त्यांना कधी काही शिकवताना पाहिलं नव्हतं. मला तर नाहीच.

मी पोळी मोडत म्हणायचो, "कंपनीचा रिंग कॉम्प्रेसर मिळतो, आबा. माझ्याकडे आहे."

"असेल," आबा म्हणायचे. "पण त्याला सुचलं रे."

हे 'सुचलं रे' मला दिवसभर ऐकू यायचं. शेवटी मी ठरवलं, आपणही एक बनवू. नानांच्या ओगराळ्यापेक्षा चांगलं. बायको माहेरी गेली होती. स्वयंपाकघरातली सांडशी घेतली, टोकं घासली, वाकवली, एका रविवारी दुपारी दार लोटून व्हॉल्व्हच्या स्प्रिंगेवर लावली. दाबली. छान दबली. मी मनात आबांचा चेहरा बघत होतो, तेवढ्यात सांडशी सटकली. स्प्रिंग उडाली ती थेट प्रमाणपत्रावर. काच खळ्ळकन खाली. समोरून नानांचा आवाज आला, "संजू! डोया! डोयाले लागलं का?"

"काही नाही, नाना," मी आतून ओरडलो. "फोटो पडला."

नाना तरीही धावत आले होते. दारात उभं राहून त्यांनी आधी माझ्याकडे नीट पाहिलं, मग काचेकडे, मग सांडशीकडे. ती त्यांनी उचलली, बोटाने टोक चाचपलं. मला वाटलं आता हसतील. ते म्हणाले, "कल्पना चांगली शे. धरायला इथं एक खाच पाहिजे होती, बस." आणि निघून गेले. हसले असते तर बरं झालं असतं. बायको परत आल्यावर सांडशीचं जे झालं त्याची कहाणी वेगळी.

एकदा मी तोंड उघडून मागितलंही. "नाना, ती छत्री मला एक द्या ना करून." नानांनी छत्री खिळ्याला परत टांगली. म्हणाले, "काम सांग, करून देतो. हत्यार मी कोणाच्या हातात देत नही." मला वाटलं, बघा, एवढा साधा दिसतो, पण विद्या चोरून ठेवतो. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. हेवा करायला नुसती हुशारी पुरत नाही, समोरच्या माणसात थोडी खोटही लागते. ती आता मला सापडली होती.

मग गेल्या वर्षी ते इंजिनियर आले. फवारणी पंप बनवणाऱ्या एका कंपनीला धुळ्यात तीन दिवसांचा वर्ग घ्यायचा होता. शिरपूर, साक्री, सातपुड्याच्या पायथ्याची गावं, तिथल्या लहान दुकानदारांना दुरुस्ती शिकवायची. शिकवायला आमच्या भागातला एखादा जाणता कारागीर हवा होता. इंजिनियर माझ्या दुकानात आले, फळा पाहिला, नवी काच घातलेलं प्रमाणपत्र पाहिलं, चहा प्यायले. निघता निघता त्यांचं लक्ष समोर गेलं. तिथे नेमकी सहा माणसं डोळे झाकून उभी होती.

"ते काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

मी दोन गोष्टी सांगू शकत होतो. मी म्हणालो, "त्यांच्याकडे नका बघू साहेब. भंगारापासून हत्यारं करतात. फुटतात ती. म्हणून तर लोकांना डोळे झाकायला लावतात. कधीतरी कोणाचा तरी डोळा जाईल."

नानांचं एकही हत्यार फुटलेलं मी पाहिलं नव्हतं. जिभेवर आलं आणि मी बोललो.

चार दिवसांनी फोन आला की वर्ग तुम्ही घ्यायचा. मी पेढे आणले. आबांच्या हातात पेढा ठेवला, तर त्यांनी तो तसाच बशीत ठेवला.

"तो साहेब दुसऱ्या दिवशी, तू बाजारात गेला होतास तेव्हा, उखर्डूकडे आला होता," आबा म्हणाले. "मी तिथेच होतो. दोन तास बसला. म्हणाला, वर्ग तुम्हीच घ्या. उखर्डू नाही म्हणाला. मग साहेबाने विचारलं, तुमची हत्यारं फुटतात असं समोर सांगत होते, खरं का?"

माझे कान गरम झाले. "मग?"

"उखर्डू म्हणाला, खरं आहे. एक फुटलं होतं. मी कानशीपासून पिना ठोकायचा पंच केला होता, कानशीचं पोलाद काचेसारखं असतं, ते मला कळायला हवं होतं. घाव घातला आणि तुकडा उडाला. माझ्या धाकट्या भावाचा डोळा गेला. म्हणून मी आता हत्यार कोणाच्या हातात देत नाही. समोरचा संजू शिकलेला आहे, नियमाने काम करतो, त्याला न्या." आबांनी बशी माझ्याकडे सरकवली. "तुझं नाव त्याने दिलं, संजय. पेढे त्याला नेऊन दे."

मी पेढे नेले नाहीत. मला शरम वाटली हे खरं, पण तुमच्यापासून काय लपवायचं, शरमेच्या खाली तोच जुना जळफळाट होता. हत्यारांत मागे टाकलं होतंच. आता चांगुलपणातही टाकलं. माणसाने काही तरी दुसऱ्यासाठी शिल्लक ठेवावं.

आठ दिवस मी समोर बघायचं टाळलं. धुळ्याला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी नानाच रस्ता ओलांडून आले. काखेत पत्र्याची एक पेटी होती. माझ्या टेबलावर ठेवली आणि उघडली. आत जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेली हत्यारं होती, तेल लावलेली. छत्री, चमचा, डबा, केबलच्या तारा, अगदी लहानसा सरपंचसुद्धा. खिळ्यांना टांगलेल्या प्रत्येक हत्याराचा जोड. आठ वर्षं हा माणूस एक हत्यार आपल्यासाठी करत होता आणि तसंच दुसरं या पेटीत ठेवत होता, आणि समोर राहून मला त्याचा पत्ता नव्हता.

"धुळ्यात देवपूरला माझा भाऊ आहे. भिकन. पुलावरून पलीकडे गेलं की डाव्या हाताला दुकान," नाना म्हणाले. "त्याला दे. मी दिलं म्हणून सांगू नको."

"मग काय सांगू?"

नानांनी विचार केला. "सांग, रस्त्यावर सापडलं."

"नाना, चिंध्यांत गुंडाळलेली बावीस हत्यारं रस्त्यावर सापडतात?"

"मग तुला जे सुचेल ते सांग. तू शिकलेला आहेस."

"तुम्हीच चला ना. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

नाना पेटी बंद करायला लागले. "मी गेलो का त्याला ते सगळं आठवतं. कशाला?" एवढं बोलून ते गेले. मला त्या इंजिनियरबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

वर्गात वीसेक माणसं होती. पहिल्या दिवशी मी माझा हत्यारांचा संच मांडला, एकेक उचलून नाव सांगितलं. शेवटी सातपुड्याकडच्या एका दुकानदाराने हात वर केला. "साहेब, माझ्याकडे दोन पाने आणि एक पक्कड आहे. मी काय करू?" दुसऱ्या दिवशी मी दोरीचा तुकडा आणला, प्लगच्या भोकातून आत घातला आणि चाक काढून दाखवलं. टाळ्या पडल्या. "हे कुठे शिकलात साहेब?" कोणी तरी विचारलं. मी म्हणालो, "अनुभव." आणि टाळ्या घेतल्या. पण तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे बसल्याबरोबर मी उभा राहिलो आणि सांगितलं, की कालची दोरी माझी नाही, जळगावच्या उखर्डूनानांची आहे. सांगून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी फक्त वहीत नाव लिहून घेतलं.

दुपारी वर्ग संपला तसा मी पेटी घेऊन पांझरेच्या पुलावरून देवपूरला गेलो. भिकनभाऊंचं दुकान लगेच सापडलं. नीटनेटकं दुकान, भिंतीवर सगळी विकतची हत्यारं. माणूस पन्नाशीचा, नानांसारखाच उंच. डावा डोळा पांढरा.

मी काही तरी गोष्ट रचून आलो होतो. पण पेटी बघताच ते म्हणाले, "नानाने पाठवली?"

"रस्त्यावर सापडली," मी म्हणालो.

ते हसले. मग स्टुलावर बसून त्यांनी एकेक चिंधी सोडली. हत्यार हातात घ्यायचं, अंगठा फिरवायचा, खाली ठेवायचं. सगळ्यात तळाशी, डोळ्यांना काही लागू नये म्हणून कारागीर लावतात तसा चष्मा होता, नवाकोरा, दुकानाच्या पिशवीसकट. नानांनी विकत आणलेलं, हातोडीनंतरचं हे दुसरंच काही मी पाहत होतो. तो हातात घेतल्यावर मात्र भिकनभाऊंनी खाली ठेवला नाही.

"तुम्हाला त्याने काय सांगितलं?" त्यांनी विचारलं. "माझ्या डोळ्याचं?"

"त्यांनी केलेला पंच फुटला म्हणून."

"तो पंच नानाने केला नव्हता," भिकनभाऊ म्हणाले. "मी केला होता."

त्यांनी दुसरं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"इथे आम्ही दोघं काम करायचो. येणारा प्रत्येक माणूस नानाचं हत्यार हातात घेऊन बघायचा. वा नाना, वा नाना. मी शेजारी बसलेला. मला कोणी विचारत नव्हतं. म्हटलं, आपणही एक करून दाखवू. कानस घेतली. नाना म्हणाला, कानशीचा पंच करू नको, फुटतो. मी म्हटलं, तुला काय, दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही. तो बाहेर गेलेला बघून केला आणि त्यावर घाव घातला." ते चष्म्याची काडी उघडमीट करत होते. "दवाखान्यात शुद्धीवर आलो तर बाहेर नाना सगळ्यांना सांगत होता, हत्यार माझं होतं, चूक माझी होती. गाव, नातेवाईक, गिऱ्हाइकं, सगळ्यांना. मला ऐकू येत होतं. स्वतःच्या हाताने स्वतःचा डोळा घालवणाऱ्याकडे उद्या इंजिन कोण आणेल, हे त्याने आधीच ओळखलं होतं. मला वाटलं, आज बोलवत नाही, उद्या खरं सांगू. दुसऱ्या दिवशीही नाही सांगितलं. मग तो दुकान मला देऊन जळगावला निघून गेला. फोन केला तर म्हणतो, गिऱ्हाईक उभं आहे, नंतर बोलू. आठ वर्षं त्याचं गिऱ्हाईक उभंच आहे."

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. मी त्या माणसाकडे बघत होतो आणि मला वाटत होतं, याच्या जागी कोणीही असू शकलं असतं. त्या रविवारी माझ्या दुकानात स्प्रिंग चार बोटं अलीकडे उडाली असती, तर मीच असतो. तेव्हाही रस्ता ओलांडून नानाच आले असते आणि सगळ्यांना म्हणाले असते, सांडशी माझी होती.

"मलाही त्यांना एक गोष्ट सांगायची आहे," मी म्हणालो. "माझ्याने एकट्याने होणार नाही. जळगावची गाडी आता आहे. येता का?"

भिकनभाऊंनी चष्मा खिशात ठेवला. मग उठून शटर ओढलं.

दिवस मावळायच्या आत आम्ही पोहोचलो. शेडपाशी तीन-चार गिऱ्हाइकं होती, आबा पेपर वाचत होते आणि नाना कार्बोरेटरमध्ये तार घालून फुंकर मारत होते. त्यांनी मान वर केली. भावाला पाहिलं. तार हातातच राहिली.

"जेवना का?" त्यांनी विचारलं. जेवलास का, म्हणून.

भिकनभाऊ रस्त्याच्या कडेलाच थांबले. बसमध्ये चार वेळा घोकलेलं त्यांना एकदम बाहेर टाकायचं होतं. "नाना, तो पंच मी केला होता," ते मोठ्याने म्हणाले. "तू नव्हता केला."

नानांनी घाईघाईने गिऱ्हाइकांकडे पाहिलं. "हळू बोल," ते म्हणाले. "लोक ऐकतीन."

"ऐकू दे."

"तुला कोणी विचारलं का?" नाना पुढे आले, भावाचा दंड धरून त्याला आत घेतलं, स्वतःच्या जागेवर बसवलं. मी मागोमाग गेलो. म्हटलं आता नाही तर कधीच नाही. "नाना, त्या इंजिनियरला मी तुमच्याबद्दल..."

"माहीत शे," नाना माझ्याकडे न बघता म्हणाले. "आधी याच्यासाठी पाणी आण."

मी तांब्या आणला. नानांनी खांद्यावरच्या पंच्याचं एक कोरं टोक शोधलं, पाण्यात भिजवलं आणि भावाची हनुवटी धरून त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला. डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. दोन्हीतून येत होतं, पण नाना डावाच पुसत होते.

"खिडकीशी बसला होतास," ते पुटपुटत होते. "वारा लागू देऊ नको म्हणून डॉक्टरने सांगितलं होतं. सांगितलं होतं का नही?"

"सांगितलं होतं," भिकनभाऊ म्हणाले.

आबांनी पेपर खाली ठेवला होता. मी तांब्या धरून नानांच्या शेजारी उभा होतो. पाणी संपलं होतं, पण मला कोणी जा म्हटलं नाही, म्हणून उभाच राहिलो.